नळीतलं पाणी

वासंती राय यांनी जयप्रकाशला पंखा खिडकीपाशी ठेवायला सांगितला आणि वाकून त्याच्या बैठकीवरून बोट फिरवलं. ओतीव लोखंडाची काळी बैठक, पितळी पाती, पितळी जाळी. असे टेबल-पंखे एकेकाळी उत्तर कोलकात्यातल्या घराघरांत होते. आता ते भंगारात मिळतात. सुनीती करंबेळकर तिथून ते आणत असे, मोटारीचं वाइंडिंग जयप्रकाशकडून नव्याने करून घेत असे आणि जुना रंग खरवडून नवा रंग स्वतः मारत असे.

"दीदी, हे काय?" वासंतीबाईंनी हिंदीत विचारलं.

काळ्या रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते. समोरून दिसत नव्हते, पण खिडकीचा उजेड तिरपा पडला की दिसत होते. बैठकीच्या कडेला तर रंगावर पांढुरकी झाकही होती.

"पावसाळ्यात थोडं होतं असं," सुनीती म्हणाली.

"माझ्या गेस्ट हाऊसमध्ये लोक पावसाळ्यातही येणार आहेत."

शोभाबाजारमधलं वाडवडिलांचं घर दुरुस्त करून त्या गेस्ट हाऊस काढत होत्या. प्रत्येक खोलीत त्यांना जुना पंखा हवा होता. दुर्गापूजेच्या आधी खोल्या तयार व्हायच्या होत्या. "अजून एक नमुना दाखवा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर मी नवेच मागवते, जुन्यासारखे दिसणारे. हल्ली मिळतात."

परतताना टॅक्सीत जयप्रकाशने पंखा मांडीवर धरला होता. मग म्हणाला, "भाभीजी, मी हात साबणाने धुतले होते. साहेबांना सांगा."

साहेब म्हणजे सुनीतीचे यजमान, चारुदत्त. रंगात खड्डे पडतात ते वाइंडिंगवाल्याच्या तेलकट हातांमुळे, असं मागच्या रविवारी ते त्याच्यादेखत म्हणाले होते.

चारुदत्त करंबेळकर केंद्र सरकारच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून लागले आणि बदल्या घेत घेत वरच्या जागेवर कोलकात्याला आले. कोरबा, विशाखापट्टणम, रांची आणि मग हे. प्रत्येक गावात सुनीतीने काहीतरी सुरू केलं आणि अर्धवट टाकलं. कुठे शाळेत फिजिक्स शिकवलं, कुठे मुलींसाठी प्रयोगशाळा उभी केली. नवी बदली आली की निरोप समारंभात तिला शाल मिळत असे आणि पुढच्या वर्षी त्या शाळेत तिचं नाव कुणाला आठवत नसे. डमडमच्या एका घराच्या तळमजल्यावरचं हे भाड्याचं गॅरेज, म्हणजे हे वर्कशॉप, मात्र तिचं होतं. मल्लिकबाजारचे भंगारवाले तिला पाखा-बउदी म्हणत, म्हणजे पंखेवाली वहिनी. साहेब कोण, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

नोव्हेंबरात चारुदत्त निवृत्त होणार होते. पुण्याला, कोथरूडमध्ये, त्यांचा फ्लॅट होता. सुनीतीला इथे राहायचं होतं. त्यावर वादावादी झाली नाही. जेवणाच्या टेबलावर चारुदत्तांनीच तोडगा सुचवला होता: निवृत्तीपर्यंत वर्कशॉप स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर इथेच राहू, नाही राहिलं तर पुणे, आणि मग कुरकुर नाही. सुनीतीला तो उदारपणा वाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घराचा निर्णय तिच्या कामावर अवलंबून होता.

हिवाळ्यात पंखे उत्तम निघत. उन्हाळा संपता संपता बिघडायला सुरुवात होई आणि पावसाळ्यात तर सकाळचा पहिला हातच काय तो चांगला जाई. हवेच्या दाबाने रंग फवारणारा कंप्रेसर थोडा वेळ चालला की गनमधून रंगासोबत काहीतरी वेगळंच उडू लागे. सुनीतीने पहिल्या पावसाळ्यात थिनर बदलला, दुसऱ्या पावसाळ्यात रंगाची कंपनी बदलली. पाणी येतंय हे तिला कळलं होतं. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी ती रोज खालच्या कॉकमधून काढून टाकत असे. टाकीच्या तोंडाशीच पाणी अडवणारा फिल्टर बसवला होता. त्याचा काचेचा पेला जवळजवळ कोरडाच राही आणि म्हणून फिल्टरनंतर पाणी असेल हे तिच्या मनात येत नसे. चारुदत्त रविवारी येत, खुर्चीवर बसून पेपर वाचत आणि ती काय म्हणते ते ऐकत.

"कलकत्त्याची हवाच अशी," ते म्हणत. "हवेशी कोण भांडणार?"

नमुना परत आल्यानंतरच्या रविवारी घरी अजेय जेवायला आला. रांचीला तो चारुदत्तांच्या हाताखाली ट्रेनी म्हणून लागला होता. मूळचा नागपूरचा, आता कोलकात्याबाहेर, बजबजकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स पाहत होता आणि आईला इकडे घेऊन आला होता. जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता तो सुनीतीला म्हणाला, "वहिनी, आईला तुमच्यासारखा एक पंखा हवा आहे. तिच्या माहेरी होता म्हणते. वर्कशॉप बघू या ना."

"कशाला या उकाड्यात," चारुदत्त म्हणाले. "तिथे नुसता थिनरचा वास. ती फोटो दाखवेल तुला."

"सर, फोटो बघून तुम्ही आम्हाला कधी काही पास करू दिलं नाहीत."

सुनीती हसली. चारुदत्तांनी चष्मा पुसायला घेतला.

गॅरेजमध्ये अजेयने आधी पंखे पाहिले. आईसाठी एक पसंत केला. मग वासंतीबाईंकडून परत आलेली बैठक त्याने उजेडात धरली आणि कोपऱ्यातल्या कंप्रेसरकडे गेला. टाकीच्या तोंडाशी फिल्टर होता. फिल्टरपासून लाल रबरी नळी निघत होती, जमिनीवर वेटोळं करून पडली होती, आणि तिच्या टोकाला गन.

"वहिनी, फिल्टर इथे कुणी बसवला?"

"मीच. का रे?"

"चालू करा जरा."

कंप्रेसर चालू झाला. टाकी भरली, थोडी रिकामी केली, परत भरली. अजेयने टाकीच्या तोंडाशी हात लावायला सांगितला. फिल्टर गरम होता. मग त्याने गनमधला रंग काढून एका कोऱ्या पुठ्ठ्यावर नुसती हवा सोडली. पुठ्ठ्यावर आधी काही दिसलं नाही. मग बारीक थेंब उठले.

"फिल्टर थेंब पकडतो," तो म्हणाला. "पण इथे हवा गरम आहे, पाणी अजून वाफेत आहे. ते फिल्टरमधून आरामात निघून जातं. पुढे नळीत हवा गार झाली की त्याचं पाणी होतं, थेट गनच्या तोंडाशी. तुमचा फिल्टर चांगला आहे, जागा चुकली आहे."

"मग?"

"आधी हवा गार करायची, मग फिल्टर. भिंतीवरून लोखंडी पाइप फिरवा, चांगला लांब, उतार देऊन. शेवटी खाली एक पाय सोडायचा, त्याला कॉक. पाणी तिथे जमेल. गनसाठी हवा पाइपच्या वरच्या अंगाने घ्यायची, म्हणजे तळाचं पाणी सोबत येत नाही. आणि फिल्टर तिकडे, अगदी शेवटी." तो उत्साहात आला होता. "अहो, हा तर सरांचाच विषय. रांचीला आमच्या शॉपमध्ये अगदी हेच झालं होतं. सरांनी आम्हा सगळ्या पोरांना टाकीपाशी उभं केलं आणि एकेकाला हात लावायला लावला. म्हणाले, गरम हवेला फिल्टर लावणारा माणूस इंजिनिअर नाही, सोन्या. आम्ही वर्षभर एकमेकांना तेच ऐकवायचो. नाही का, सर?"

चारुदत्त एका पंख्याची पाती हाताने फिरवत उभे होते. त्यांनी ती बोटाने थांबवली.

"फार जुनी गोष्ट," ते म्हणाले.

अजेय त्यांच्याकडे पाहत राहिला, मग सुनीतीकडे. आपण काय बोलून बसलो हे त्याला हळूहळू कळत असावं. "म्हणजे... सरांना इकडे यायला सवडच होत नसेल," तो म्हणाला.

"दर रविवारी येतात," सुनीती म्हणाली. "त्या खुर्चीवर बसतात."

खुर्चीपासून कंप्रेसर हाताच्या अंतरावर होता.

अजेयने घाईने पंखा बांधून घेतला. निघताना तो पाया पडला, आधी सुनीतीच्या, मग सरांच्या, आणि मेट्रोकडे जाणाऱ्या ऑटोत बसला.

पाइप भिंतीवरून न्यावा हे सुनीतीला सुचलं नव्हतं, याचं कारण साधं होतं. तिच्या घरात भिंतीला कुणी हात लावत नसे. सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. सोडताना इन्स्पेक्शन होई, प्रत्येक खिळ्याच्या भोकाचा जाब विचारला जाई. त्यामुळे त्यांच्याकडे कॅलेंडर दाराच्या कडीला लटके, आरसा टेबलावर भिंतीला टेकून उभा असे आणि गणपतीची तसबीर फडताळात. जे काही आणायचं ते एका दिवसात बांधून नेता येईल असंच. भाड्याच्या गॅरेजमध्येही तिने तेच केलं. कंप्रेसर चाकांवरचा घेतला, फिल्टर त्यालाच जोडला, नळी गुंडाळता येईल अशी. घरमालकांनी भिंतींबद्दल तिला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

शटर अर्धं ओढून ती आत आली. चारुदत्त खुर्चीवर बसले होते.

"अहो, तुम्हाला माहीत होतं."

"हवा दमट आहे हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"हवेचं विचारत नाहीये मी. फिल्टरचं विचारतेय."

"फिल्टरचं तू कधी विचारलंस? रंगाला काय झालं, असं विचारायचीस. मी रंगाबद्दल सांगत होतो."

"जयप्रकाशचे हात तेलकट असतात म्हणालात."

"असतातच की."

"त्याच्या तोंडावर म्हणालात. तो आता साबणावर रॉकेलनेही हात धुतोय. कातडी सोलली आहे त्याची."

चारुदत्तांनी पेपरची घडी केली, उलगडली, परत केली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"मला घरी जायचंय, सुनीती. नोकरी लागली तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या गावात राहतोय. पुण्यात माझा भाऊ आहे, बहीण आहे. सकाळी फिरायला गेलं तर रस्त्यात कुणाला तरी मराठीत शिवी देता येते. एवढंच हवंय मला. जास्त काही मागतोय का?"

"मग तसं म्हणायचं होतंत."

"म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस. आणि मग मरेपर्यंत ऐकवलं असतंस."

हे खरं होतं. सुनीतीला ते नाकारता येईना आणि त्यामुळेच ती जास्त चिडली.

"म्हणून मग ते काम पाण्याकडून करून घेतलंत," ती म्हणाली. "दोन पावसाळे. मी पंखे खरवडायची आणि परत रंगवायची, परत खरवडायची. तुम्ही समोर बसून बघत होतात."

"मी काही बिघडवलं नाही."

"नाही. त्यासाठी तुम्हाला उठावं लागलं असतं."

बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारून पंखा दुरुस्त होईल का, विचारलं. सुनीतीने बंगालीत उद्या या म्हणून सांगितलं.

"बरं," चारुदत्त उठत म्हणाले. "झालं ते झालं. पाइप मी टाकून देतो. बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नकोस, उतार चुकवतात."

त्यांनी सुट्टी काढली. नोकरीत आजारपणालासुद्धा सहसा न काढणारा माणूस, त्यामुळे ऑफिसात चौकशी झाली. घरमालकांनी जिन्यावरूनच, चहाचा कप हातात धरून, हो म्हणून सांगितलं. जस्त चढवलेले लोखंडी पाइप आले, टी आणि एल्बो हे जोड आले, क्लॅम्प आले. चारुदत्तांनी जुनी पँट घातली, शिडी लावली आणि भिंतीवर दोरी ताणून खडूने रेघ मारली. रेघ कंप्रेसरपासून लांबच्या कोपऱ्याकडे किंचित उतरत गेली होती. दोनदा त्यांनी ती पुसून परत मारली. ड्रिल चालवताना जयप्रकाशला शिडी धरायला सांगितली आणि एकदा, त्याचे हात पाहून, ग्लव्ह्ज घालायला सांगितले.

सुनीती खाली उभी राहून लागेल ते वर देत होती. तिने नवऱ्याला हाताने काम करताना क्वचित पाहिलं होतं. काम सुंदर होतं. प्रत्येक टी त्यांनी तोंड वर करून बसवला आणि तिथून पाइप वळवून खाली आणला, म्हणजे पाणी मुख्य पाइपच्या तळाशीच राहावं. कंप्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये त्यांनी लवचिक तुकडा घातला, नाहीतर थरथरीने सांधे ढिले होतात. अजेयने हे सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातला पाण्याचा पाय त्यांनी मुद्दाम लांब ठेवला. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहिलं. कुठेही ते थांबले नाहीत, कशासाठीही फोन लावला नाही, काही शोधून वाचलं नाही. सगळं त्यांना पाठ होतं. जितकं काम चोख होत गेलं, तितकं सुनीतीला आपण नक्की काय पाहतोय ते स्पष्ट होत गेलं. हे सगळं त्या खुर्चीवर बसलेलं होतं, पेपर वाचत.

काम पुरं झालं त्या दिवशी बाहेर पाऊस होता, भिंतींना ओल आली होती, म्हणजे परीक्षेला याहून वाईट हवा मिळाली नसती. कंप्रेसर बराच वेळ चालू ठेवला. चारुदत्तांनी कोपऱ्यातला कॉक उघडला आणि गढूळ पाण्याची धार बादलीत पडली. नव्या जागी बसवलेल्या फिल्टरच्या पेल्यात थोडं पाणी होतं. गनमधून पुठ्ठ्यावर हवा सोडली. पुठ्ठा कोरडा राहिला.

सुनीतीने वासंतीबाईंची बैठक पुन्हा खरवडून, प्रायमर देऊन तयार ठेवली होती. तिने एक हात मारला, थांबली, दुसरा मारला. रंग सपाट बसला. त्यात वरचा दिवा दिसला, दिव्याची तार दिसली, आणि बाजूला उभ्या असलेल्या चारुदत्तांचा चेहरा दिसला.

"बघ," ते म्हणाले. "आहे का कुठे खड्डा? आता कितीही पाऊस पडू दे." ते घामाने भिजले होते आणि खूष होते. "जिंकलीस तू. मी हरलो. राहू या इथेच. पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू."

सुनीतीने गन खाली ठेवली. जयप्रकाशला चहा आणायला पाठवलं.

"तुम्ही जा पुण्याला," ती म्हणाली.

"अगं, मी राहतो म्हणतोय."

"ऐकलं मी. पण मला नाही जमणार. तुम्ही समोर बसलात की मी रोज विचार करीन, आज यांना काय माहीत आहे आणि हे सांगत नाहीयेत. मीठ जास्त झालं तरी तेच, माझ्या छातीत दुखलं तरी तेच."

"एका फिल्टरवरून?"

ती थिनर घेऊन गन धुवायला बसली, कारण रंग आत वाळला तर गन वाया जाते.

वासंतीबाईंनी नवा नमुना पाहिला, खिडकीपाशी पाहिला, बाहेर अंगणात नेऊन पाहिला. त्यांना तो आवडला. पण मधल्या काळात खालच्या मजल्यासाठी त्यांनी नवे पंखे मागवून टाकले होते, जुन्यासारखे दिसणारे. वरच्या मजल्याचं काम सुनीतीला मिळालं. "महिनाभर आधी हे आणलं असतंत तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. वर्कशॉप त्या कामावर तगलं. उभं राहिलं असं म्हणता आलं नसतं.

नोव्हेंबरात चारुदत्तांना ऑफिसने निरोप दिला. सुनीती समारंभाला गेली, त्यांच्या शेजारी बसली, दोघांचा एकत्र फोटो निघाला. सामान तिनेच बांधलं. तिच्याइतकं नीट ते कुणालाच जमत नसे. त्यांचे कपडे, त्यांची पुस्तकं, निम्मी भांडी. हावड्याला ती गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबली.

डिसेंबरात तिची नणंद देवयानीचा पुण्याहून फोन आला. सुनीती गॅरेजमध्ये होती. स्पीकर लावून तिने फोन बाकावर ठेवला.

"वहिनी, दादा परवा सगळ्यांसमोर सांगत होता. रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना सुट्टी काढून, शिडीवर चढून, भिंतींना भोकं पाडून तुला सगळी पाइपलाइन टाकून दिली म्हणे. वर म्हणाला, मी तिथे राहायलाही तयार होतो."

"हो. खरं आहे ते."

"आणि तरी तू एकटी राहतेस?"

"पाइप फार चांगला टाकलाय त्यांनी," सुनीती म्हणाली.

"अगं, मग झालं काय?"

सुनीतीने सांगायला घेतलं. कंप्रेसरमधून हवा गरम येते, फिल्टर कुठे असायला हवा, तो कुठे होता, नळीत काय होतं. तिने बरीच वर्षं फिजिक्स शिकवलेलं होतं, आणि तिला कळत होतं की आपण नीट, पायरीपायरीने सांगतो आहोत आणि पलीकडे काही पोचत नाहीये. देवयानी मध्ये न बोलता ऐकत राहिली.

"म्हणजे नळीत पाणी येत होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि ते दादाने बंद करून दिलं."

जयप्रकाश वाइंडिंग थांबवून इकडे पाहत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण दादा कोण ते त्याला कळलं असावं.

"हो," सुनीती म्हणाली. "त्यांनीच बंद करून दिलं."

"मग मला बाई तुझं काही कळत नाही," देवयानी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट काळजीच होती. "हे बघ, फेब्रुवारीत धाकट्याची मुंज आहे, तेव्हा तरी ये. आलीस की सगळे विचारणार. दादा आपला सांगून मोकळा झालाय. तूही काहीतरी पटण्यासारखं तयार ठेव."

"बघते," सुनीती म्हणाली.